पुसायचं बटण नसलेला कीबोर्ड

अण्णा, मी शिकवते तिथे काल एक सेल्समन आला होता. काचेच्या डिजिटल पाटीवर पेनानं गणित सोडवून दाखवत होता. चुकलेल्या ओळीवर दोन बोटं टेकवली की ओळ गायब. "बघा मॅडम, काही लिहिलं होतं याचा पत्ताच नाही," म्हणून हसला, आणि मी टेबलावरचा हात झटकन मांडीवर घेतला. पन्नाशी उलटली माझी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बोटांची हाडं अजून तुम्हालाच घाबरतात. घरी आले तर जेवण जाईना, नुसती चिडचिड. म्हणून आज सुट्टी आहे तर लिहायला बसले.

तुमचा नियम बाहेरच्या माणसाला सांगितला तर हसू येईल. गणितात खोडरबर नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालची चूक वाचता आली पाहिजे, आणि तिच्याखाली लगेच दुरुस्त केलेली ओळ. रबर सापडला की तुम्ही म्हणायचात, "हात पुढं कर." पालथा. मग लाकडी पट्टी, तीही सपाट नाही, धारेनं. दिघ्याला त्या शटरच्या गाळ्यात तुमची शिकवणी, तिथे कारखान्यातल्या कामगारांची पोरं सतरंजीवर दाटीनं बसायची, आणि दहावीचा निकाल लागला की त्यांचेच आईबाप पेढे घेऊन यायचे, मास्तर, मारा पण असंच शिकवा म्हणायचे. मी तुमची मुलगी, मला तर गाळ्यातही मार आणि घरीही. माझी उजवी करंगळी अजून सरळ होत नाही. तुमच्यासारखं गणित मला पुढे कुणीच शिकवलं नाही, हेही कबूल. पण तेव्हा वाटायचं, त्या पट्टीचे तुकडे करावेत आणि खाडीत भिरकावून द्यावेत.

मग तो खाडीकडच्या गावातला मुलगा. मी तेव्हा वाशीला कॉम्प्युटर शिकवत होते आणि दुपारी तुमच्या मदतीला यायचे. रबर आणायची चोरी, म्हणून त्यानं बोटाला थुंकी लावून उण्याचं चिन्ह पुसलं, आणि कागदाला भोक पडलं. तुम्ही पट्टीसुद्धा शोधली नाहीत. अशी कानाखाली मारलीत की पोरगं भिंतीवर आपटलं. कानातून रक्त आलं आणि शर्टाच्या कॉलरवर उतरलं. मी फळ्यापाशी हातात खडू घेऊन उभी. त्याची वही माझ्या पायाशी येऊन पडली होती. उत्तर बरोबर होतं.

संध्याकाळी त्याचा काका माणसं घेऊन आला. फळा फोडला, पंखा वाकवला, सतरंज्या गटारात टाकल्या. काका स्वतः कशालाच हात लावत नव्हता, आवाजही चढवत नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटत होती. त्यानं विचारलं, "मास्तर, कंच्या हातान मारलास?" तुम्ही उजवा दाखवलात. "मंग पुढं कर त्यो." आणि तुम्ही केलात. पालथा, आम्हाला करायला लावायचात अगदी तसा. तो त्यांनी उंबऱ्यावर दाबून धरला आणि वरून शटर खेचलं. वर नेलं आणि पुन्हा खेचलं. मला आधी बरं वाटलं, अण्णा. मग ओकारी आली. दोन्ही खरं आहे. तुम्ही हात पुढे केलात तो चूक मान्य म्हणून, की तोऱ्यात, की नुसती सवय म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आजही नाही.

हात राहिला, पण बोटांत पेन्सिल काही धरता येईना. पोलिसात जायचं नाही असं तुम्ही बजावलंत, आणि भेटायला येईल त्याला सांगत सुटलात, शटर निसटलं. मुलाचा विषय काढला की म्हणायचात, कुठला मुलगा? आम्हाला खोडू न देणारा माणूस असा सगळा दिवसच्या दिवस पुसून बसला. डाव्या हाताला लिहिता येत नव्हतं, मारता मात्र छान येत होतं. आमटी गार झाली म्हणून तांब्या फेकलात आणि आईचं कपाळ फुटलं. टाके पडले. शेजारणीला आई म्हणाली, ओट्याचा कोपरा लागला. जखमेवर मलम लावताना मी तुम्हाला नाही नाही ते बोलत होते, तर तिनं माझं मनगट धरलं. "त्यांचं गणित गेलंय गं," ती म्हणाली. "तेवढं परत आण कुठूनतरी. नाहीतर पुढच्या वेळी मी काही उठायची नाही."

म्हणून तो कॉम्प्युटर. माझ्या इन्स्टिट्यूटमधून मोडीत निघालेला जुना आणला, टीव्हीच्या शेजारी मांडला. लोक सॉफ्टवेअर घेताना ते काय काय करतं हे बघतात. मी आईच्या कपाळाकडे बघून निवडत होते. गणित कागदाशिवाय करायचं, एका डाव्या हातानं करायचं, आणि करणारा माणूस तुमच्यासारखा भडकू, अशा वेळी काय घ्यावं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पहिलं आणलं ते सगळं स्वतःच सोडवणारं. तुम्ही एका बोटानं गणित घातलंत, एंटर दाबलंत, आणि उत्तर हजर. तुम्ही पडद्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवून शोधलंत. "पायऱ्या कुठायत?" पायऱ्या नाहीत म्हटल्यावर डाव्या मुठीनं कीबोर्डवर असा घाव घातलात की बटणं दिवाणाखाली गेली. "चोर आहे हा," म्हणालात. "उत्तर चोरून आणतो." तेवढं एक मला पटलं होतं.

दुसरं फार देखणं, छापील पुस्तकासारखं गणित काढून द्यायचं. पण त्यात साधा अपूर्णांक हवा तरी आधी आडवातिडवा हुकूम टाइप करायचा, कंस घालायचे, आणि प्रत्येक कंसाला एक बटण दाबून धरून दुसरं दाबायचं. ते दाबून धरायला तुम्ही मोडका हात लावलात. कळ थेट खांद्यापर्यंत गेली असणार. नवा कीबोर्ड वायरीसकट उपटून फेकलात, तो आईच्या पायावर पडला. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. त्या दिवशी मी तुमच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, आता एकदा जरी हात उचललात तर मी त्या काकाला स्वतः बोलवून आणीन. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मला पहिल्यांदाच बघत होतात.

तिसरं अगदी साधं, ऑफिसात पत्रं लिहितात ते. त्यात गणिताची एक चौकट उघडायची. अपूर्णांक, वर्गमूळ, सगळ्याचे रिकामे साचे, माउसनं उचलायचे आणि भरायचे. माउस मी डावखुऱ्याचा करून दिला. आणि शेजारी एक रेघ ओढायचं बटण होतं. चुकीच्या ओळीवरून आडवी रेघ ओढता येते हे बघून तुम्ही खुर्ची पुढे घेतलीत. मग म्हणालात, पुसायची बटणं काढ. मी स्क्रू-ड्रायव्हर घालून बॅकस्पेस आणि डिलीट, दोन्ही उचकटली आणि खिडकीतून फेकली. आणखी चार तऱ्हांनी पुसता येतं, हे मात्र तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्या दुपारी तुम्ही त्रिकोणमितीची पहिली ओळ लिहिलीत, चुकवलीत, वाकडीतिकडी रेघ मारलीत आणि खाली दुरुस्त केलीत. आतून खलबत्त्याचा आवाज यायला लागला. किती दिवसांनी आई घरात आवाज करत होती.

पुढे तुम्ही पानंच्या पानं भरलीत. हात पुन्हा कुणावर उचलला नाहीत. बोलणं तेच, सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही, पण आईच्या कपाळावर नवा वण आला नाही. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण माझाही पीळ तुमचाच. एकदा तुम्ही गणित सोडवत असताना मी पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "अण्णा, त्या मुलाची पायरी राहिलीय. ती लिहा."

मला वाटलं, आता पडदा फुटणार. तुम्ही एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत, अक्षर शोधत शोधत मराठी लिहिलंत. मुलगा चुकला म्हणून मारला. मग बसून राहिलात. आतून आई जेवायला हाका मारतेय, तुम्ही ऐकत नाही. माउस धरता, आणि त्या ओळीवरून रेघ ओढता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. रेघेखाली बरोबर ओळ आलीच पाहिजे, नियम तुमचाच. खाली कर्सर लुकलुकतोय. तुम्ही उठलात आणि जेवायला गेलात. दुसऱ्या दिवशी नवीन पान काढलंत, आणि दिवाळीच्या आधी गेलात. ती ओळ तशीच राहिली.

ते पान मी या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर करत इथवर आणलंय. आज तुम्हाला लिहायच्या आधी उघडलं. रेघेखालच्या रिकाम्या जागेत मी तुमच्या वतीनं टाइप केलं, मी चुकलो. वाचलं. दिसायला बरोबर होतं, पण पायरी माझी होती, तुमची नव्हती. चोरून आणलेलं उत्तर. मग रेघ मारली नाही, अण्णा, पुसलं. माझ्या कीबोर्डवर ते बटण आहे. पुसून झाल्यावर बघते तर माझा उजवा हात टेबलावर पुढे आलेला होता, पालथा, आणि घरात दुसरं कुणीही नव्हतं.