उंदीर चाळायची चाळण

मसाइटी रस्ता, खडीची खाण
बुधवार, दुपारच्या जेवणानंतर

तीर्थस्वरूप कांग्वामामा,

गुडघे टेकून, हळूहळू टाळ्या वाजवून तुम्हाला व मामींना नमस्कार. (टाळ्या खरोखर वाजवल्या आहेत. मी एकटाच कागदासमोर टाळ्या वाजवतोय हे आमच्या संघाच्या अध्यक्षा बाना बुपे यांनी दारातून पाहिलं आणि तशाच निघून गेल्या. त्यांचं माझ्याबद्दलचं मत सध्या तसंही फार बरं नाही. का ते पुढे येईलच.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? आणि तो लांब मानेचा कोंबडा अजून फक्त पाद्रीबाबांनाच टोचतो, की आता सगळ्यांना सारखंच वागवतो? इकडे मी ठणठणीत आहे. एक अंगठा सुजलाय, पण त्याचीही पाळी या पत्रात येणार आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुमचा फोन मामी मोठ्या आवाजावर लावतात आणि मग माझी बातमी तुमच्याआधी अख्ख्या बाजाराला कळते.

तर खाणीची गोष्ट. तुम्ही कितवे शहरात तीस वर्षं क्रशरवर काढलीत, तुम्हाला मी काय शिकवणार! पण यंदाच्या पावसाने आमचा पार निकाल लावलाय. सुरुंग उडाला की डोंगरातून निम्मा दगड येतो आणि निम्मी लाल माती, आणि ती माती दगडाला अशी चिकटते की लग्नाची बायकोही तेवढी चिकटत नसेल. हे सगळं एकत्र क्रशरमध्ये गेलं की बाहेर खडी येत नाही, लापशी येते. नदीपलीकडच्या दवाखान्याकडे पूल होतोय आणि त्याची खडी आमच्या संघाने द्यायची असं ठरत आलं होतं. (संघ म्हणजे सव्वीस बायका, एक ट्रॅक्टर आणि मी, याच क्रमाने.) पुलाचे परीक्षक आले, त्यांनी पांढऱ्या बादलीत पाणी घेतलं, आमची खडी टाकली आणि काठीने ढवळलं. पाण्याचा चहा झाला. दुधाचा! सभ्य गृहस्थ, हसले नाहीत. एवढंच म्हणाले की तीन आठवड्यांनी परत येईन. बादलीचा तळ दिसला तर खडी तुमची, नाही दिसला तर दुसऱ्या खाणीची. म्हणजे ज्या बायकांनी सोळा वर्षं हातोड्यांनी दगड फोडला आणि आत्ता कुठे क्रशरचं तोंड पाहिलं, त्या सव्वीसच्या सव्वीस घरी बसणार. बाना बुपेंनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, क्रशरच्या आधी बसवायची एक जबरदस्त चाळण घेऊन ये, मोठे धोंडे आणि माती वेगळी काढणारी, आणि चाळण मिळाली नाही तर तूही परत येऊ नकोस.

न्डोलाला जुन्या यंत्रांचं एक यार्ड आहे. वडिलांच्या मागे ते तमारा सोको नावाच्या बाई चालवतात. (वय चौतीस. लग्न झालेलं नाही. हे मी विचारलं नव्हतं, गेटवरच्या रखवालदाराने आपणहून सांगितलं.) सोको म्हणजे न्गोनी जमातीच्या, आणि आपण बेंबा. आता हे नातं मी तुम्हाला काय सांगू! पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, म्हणून आपण त्यांना उंदीरखाऊ म्हणायचं, त्यांनी आपल्याला माकडखाऊ, आणि कोणी रागवायचं नाही. आजीच्या मयताला तो न्गोनी म्हातारा शवपेटीवर चढून बसला आणि म्हणाला, आता रानातली माकडं निर्धास्त झोपतील, तेव्हा तुम्ही रडता रडता हसलात ते मला अजून आठवतंय. तेव्हा यार्डात पाऊल टाकल्या टाकल्या मी रीतीप्रमाणे विचारलं, काय हो, आज उंदीर शिजलेत की भाजलेत? त्यांनीही लगेच ऐकवलं, या माकडखाऊ, शेपटी दाराबाहेर ठेवा. म्हटलं, चला, जमलं!

यार्डात दोन चाळणी होत्या. एक निळी, चकचकीत, तीन मजली, बारीक जाळ्यांची, अगदी नवरीसारखी. दुसरी गंजकी, बसकी, उतरती, जाड्याजाड्या लोखंडी दांड्यांची. तिच्या स्प्रिंगा माझ्या मांडीएवढ्या. मी निळीपाशी गेलो. तमाराबाई म्हणाल्या, ही सुक्या वाळूची आहे, तुमच्या चिखलात दोन दिवस टिकायची नाही, उंदीर चाळायचे असतील तर न्या. तुम्हा माकडखाऊंच्या धोंड्यांना ती गंजकीच बरी. मामा, तुम्हीच सांगा, न्गोनी बाईने बेंबाला असं म्हटल्यावर त्याने काय समजायचं? मी समजलो की चांगली वस्तू आपल्या गाववाल्यासाठी राखून ठेवतायत आणि मला टोपी घालतायत. मी हसलो. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी आणखी जोरात हसलो. तिसऱ्यांदा त्यांनी अक्षरशः हात जोडले आणि मी पोट धरून यंत्राला टेकलो. शेवटी त्या म्हणाल्या, न्या बाबा, न्या. मी निळी घेऊन आलो आणि वाटभर गाणी म्हटली.

पहिल्याच खेपेला कोंबडीच्या खुराड्याएवढा एक धोंडा वरची जाळी फाडून खाली गेला, तो थेट तिसऱ्या मजल्यावर मुक्कामाला. उरलेल्या जाळ्या चिखलाने अशा बुजल्या की वरून पाणी ओतलं तर तळं झालं असतं. हातोडीने जाळी मोकळी करायला गेलो, तर जाळीऐवजी अंगठा लागला. (हाच तो.) यंत्राचा थरथराट मात्र उत्तम होता, थरथरत थरथरत ते पायावरून सुटलं आणि मक्याच्या पिठाच्या उबवालीच्या पातेल्याच्या दिशेने निघालं. चुलीपाशी बसलेल्या बायका पातेलं उचलून पळाल्या. मग दोन दिवस त्या काठ्यांनी जाळ्या कोरत बसल्या. बाना बुपे म्हणाल्या, सोळा वर्षं हाताने दगड फोडला, आता हाताने चाळण साफ करतोय, प्रगती आहे म्हणायची! मला कुठे तोंड लपवू असं झालं. तीनपैकी एक आठवडा गेला होता.

मान खाली घालून पुन्हा न्डोलाला गेलो. फाटकी जाळी पाहून तमाराबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, अडकले का उंदीर? मी सुजलेला अंगठा पुढे केला. तेव्हा त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला आणि म्हणाल्या, अहो, एवढं साधं आहे, चेष्टा करताना माझा चष्मा कपाळावर असतो आणि खरं बोलताना नाकावर, सगळ्या न्डोलाला माहीत आहे. मी आठवून पाहिलं. त्या दिवशी तिन्ही वेळा तो नाकावर होता, मामा! मी मात्र उंदरांचे विनोद जुळवण्यात गर्क.

त्यांनी निळी परत घेतली, एका शब्दाने लाजवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः खाणीवर आल्या. सर्वांत मोठा धोंडा केवढा, माती किती चिकट, ट्रॅक्टरच्या खेपा किती, दगड किती उंचीवरून पडतो, सगळं विचारलं. ओली माती मुठीत दाबून पाहिली. गंजकीच्या दांड्यांमधली फट वरून खाली रुंद होत जाते, म्हणून धोंडा अडकत नाही आणि मातीलाही खाली पडायला जागा मिळते, हे त्यांनी मला चिखलात काडीने रेघा ओढून समजावलं. (त्या चिखलात अनवाणी उभ्या होत्या. बायकांबरोबर बसून उबवाली जेवल्या आणि शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी दोनदा मागून घेतली.)

तर मामा, विनंती अशी की येत्या शनिवारी तुम्ही न्डोलाला यावं. माझ्या डोळ्यांवर आता माझाच भरवसा नाही. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने ती गंजकी चाळण, तिच्या स्प्रिंगा, तिचे दांडे एकदा नजरेखालून घालावे, एवढंच. प्रश्न सव्वीस बायकांचा आहे. मामींना नमस्कार, कोंबड्याला दुरून.

तुमचा भाचा,
कासोंडे

ता. क. येताना मामींची निळ्या काठाची पांढरी ताटली आणावी, वर झाकायच्या ताटलीसकट. टवका उडालेली नको. तुमचा काळा कोट आणि टायही.

ता. क. २ तुम्ही आता ताटलीवरून ओळखलंच असेल, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. गंजकी चाळण गेल्या सोमवारीच बसली आणि धडाधड चालू आहे. काल परीक्षक आले, त्यांनी बादली ढवळली, तळ दिसला. तळाला कारखान्याचा शिक्का होता, तो त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला. खडी आमची झाली! बाना बुपे मला मिठी मारणार होत्या, पण अंगठा पाहून थांबल्या. शनिवारी तुम्हाला तपासायला यंत्र वगैरे काही नाही. तुम्ही यायचं ते माझे शिबुकोम्बे म्हणून, माझ्या वतीने ताटली पुढे ठेवून लग्नाची मागणी घालायला.

ता. क. ३ मी स्वतः विचारून पाहिलं होतं, काल संध्याकाळी, बातमी सांगायला गेलो तेव्हा. सरळ म्हटलं, तमाराबाई, मला तुमच्याशी लग्न करायचंय. त्या इतक्या हसल्या की त्यांना निळ्या चाळणीचा आधार घ्यावा लागला. म्हणाल्या, माकडखाऊचं बोलणं कोण खरं धरणार, एखादा जाणता म्हातारा ताटली घेऊन येऊ दे, मग बघू. मी उदास होऊन गेटपर्यंत गेलो आणि मग सहज मागे वळून पाहिलं. मामा, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चष्मा नाकावरच होता.