शेवरीचा कोपरा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

धाकटी बहीण स्वयंपाकघरात सांडलेल्या पाण्यावरून घसरली. खुब्याचे हाड मोडले. स्ट्रेचरवरून जिना उतरताना माणूस सहसा स्वतःविषयी बोलतो. ही सशांविषयी बोलत होती. "ताई, गवत संपू देऊ नकोस. पाणी बघत जा. आणि शेवरीचा कोपरा आवरू नकोस." का, असे मी विचारले. "असू दे म्हणून," एवढेच म्हणाली.

कारण न देता केलेली विनंती! सगळी हयात महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवण्यात गेली. अशा विनंतीचे वजन किती धरायचे हे मला ठाऊक आहे.

तर आता दोन ससे माझ्या गळ्यात. शेवरी पांढरीशुभ्र, बटवा करडा. ऑक्टोबरात धाकटीने आणायचे म्हटले तेव्हा मी रीतसर चर्चा करून संमती दिली होती. दोनच, तिसरा नाही, आणि दोन्ही माद्या. दुकानदाराने दोन्ही माद्या आहेत असे सांगितले. मादीचे नाव बटवा ठेवणे हा धाकटीचा कारभार; त्यावर मी वाद घातला नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

शस्त्रक्रिया नीट झाली. भेटीच्या वेळेत गेले. अजून गुंगीत होती. डोळे उघडताच पायाचे नाही, "शेवरी खाते ना?" हेच विचारले.

घरी येते तो शेजारीण दारात. म्हणाली, संध्याकाळी जरा ससे बघून जाईन म्हणते. मी आभार मानून सांगितले की दोन लहान जनावरे सांभाळणे एका सुशिक्षित माणसाच्या आवाक्यातले आहे. तिने माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिले. गेली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

शेवरी कमालीची गबाळी आहे. वाळलेले गवत तोंडात आडवे धरते — झुपकेदार मिश्या लावल्यासारखी दिसते — आणि कोपऱ्यात नेऊन ढीग करते. पुन्हा जाते, पुन्हा आणते. मी कोपरा झाडून घेतला. दुपारपर्यंत ढीग पूर्ववत. पुन्हा झाडला. आमच्यापैकी कोणाची चिकाटी जास्त आहे, हे तिला लवकरच कळेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कोपऱ्यात पांढऱ्या केसांचे पुंजके. थोडेथोडके नव्हे, ओंजळभर! शेवरीच्या छातीवर गुलाबी कातडी उघडी पडली आहे. खोलीत प्राणी दोन. एकीचे केस उपटले गेले. दुसरीला दात आहेत, आणि ती शेवरीच्या मागे मागे धावताना मी स्वतः पाहिली आहे. निष्कर्ष उघड आहे.

बटव्याची रवानगी बाल्कनीतल्या खोक्यात. शेवरीला न्हाणीघरात ठेवले: स्वच्छ फरशी, बंद दार, खाण्यापुरती वैरण आणि पाण्याची वाटी. गवताचा पसारा मुद्दाम दिला नाही. केस भरून कचऱ्याच्या डब्यात टाकले. एक वाद निकालात काढल्याचे समाधान वाटले, हेही लिहून ठेवते.

संध्याकाळी धाकटीचा फोन. कोपरा कसा आहे म्हणाली. "जसाच्या तसा," मी म्हणाले. ती "बरं" म्हणाली. दुखण्यात तिला कशाला तपशील सांगायचे, असे मी मनाशी म्हटले. ते खरे कारण नव्हते. तिने एक गोष्ट मागितली होती आणि मी ती मोडली होती.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी न्हाणीघराचे दार उघडले. फरशीवर पिल्ले पडली होती. आधी मला ती पिल्ले वाटलीच नाहीत. बोटाएवढी, बिनकेसांची, कातडीखालून निळसर दिसणारी. इकडे एक, तिकडे एक, दोन मोरीच्या जाळीपाशी. पाच होती. सगळी गार. शेवरी भिंतीला चिकटून बसली होती. तिने वैरणीच्या काड्या एका जागी गोळा केलेल्या दिसल्या. मूठभरही नव्हत्या.

पशुवैद्य बाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारले, "तिनं उपटलेले केस कुठे आहेत?" मी म्हणाले, कचऱ्यात. त्या म्हणाल्या, "काढा." मादी स्वतःच्या छातीचे केस उपटून पिल्लांना गादी करते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. आणि म्हणाल्या, गार पडलेलं पिल्लू आधी गरम करायचं. गरम होऊनही हललं नाही, तरच गेलं म्हणायचं.

डबा जमिनीवर उलटा केला. चहाचा चोथा, बटाट्याची साले, त्यात ते केस. गुडघे टेकून कोरडे कोरडे वेचले. पिल्ले पदरात घेऊन पोटाशी धरली आणि न्हाणीघरातल्या स्टुलावर बसून राहिले. शेवरी माझ्याकडे पाहत होती. तिच्याकडे मला बघवेना. बऱ्याच वेळाने पोटावर काहीतरी वळवळले, एका ठिकाणी. बाकीची माझ्या अंगाइतकी गरम झाली आणि तशीच राहिली.

चौघांना मागच्या मोठ्या कुंडीत पुरले.

माझी चूक कुठे झाली? दुकानदाराच्या शब्दावर विसंबले, हे खरे. पण ती सबब झाली. काड्या, कोपरा, केस — सगळे डोळ्यांसमोर होते. केस उपटलेले दिसताच मी गुन्हेगार शोधला. ते कोणी कोणासाठी उपटले असतील, हा प्रश्नच मला पडला नाही. एखाद्या विद्यार्थ्याने असा युक्तिवाद लिहिला असता तर मी त्याला वर्गासमोर उभे केले असते.

रविवार, ९ फेब्रुवारी

पशुवैद्य बाई येऊन गेल्या. बटवा नर आहे. निर्दोषही आहे. पिल्लू प्याले, पोट टम्म दिसते.

धाकटीकडे गेले. तिच्या टाक्यांविषयी बोलले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कबुली कशी द्यावी, याची जुळवाजुळव करते आहे. "एकंदर परिस्थिती पाहता" — नको. "तू कारण सांगितले नव्हतेस" — हे तर निर्लज्जपणाचे. मला सुचलेल्या प्रत्येक आरंभात मी साक्षीदार असते, आरोपी कोणीतरी दुसराच.

भेटीच्या वेळी तोंड उघडले आणि "दोघे मजेत आहेत" म्हणाले. धाकटी माझा हात थोपटत म्हणाली, "तुला फार त्रास पडतोय ना गं?" मला तिथे बसवेना. औषध आणायचे निमित्त करून उठले. औषध सकाळीच आणून झाले होते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पिल्लाच्या अंगावर बारीक करडी लव आली आहे. मी त्याला पाहायला दिवसातून कितीदा जाते, ते लिहीत नाही. शेजारीण जिन्यात भेटली. मी नजर चुकवून खाली उतरले. आजवर ती मला टाळत असे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

धाकटी वॉकर धरून घरी आली. खुर्चीत नीट टेकायच्या आत सगळे सांगितले. कोपरा दोनदा झाडला. केस कचऱ्यात टाकले. शेवरीला गार फरशीवर कोंडले. चार गेली. तुझ्याशी फोनवर खोटे बोलले, समोर बसूनही बोलले. एकदाही "कारण" हा शब्द वापरला नाही.

तिने ऐकून घेतले. पिल्लू मागितले, तळहातावर घेतले. गालाला लावले. रडली नाही. मग चहा मागितला. त्यानंतर दिवसभर हॉस्पिटलच्या, औषधांच्या, वॉकरच्या गोष्टी करत राहिली. तिने मला दोन शब्द सुनवावेत म्हणून मी तिच्या अवतीभवती घुटमळत होते.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी आपण होऊन म्हणाली, "शेवरीला दिवस गेलेत हे मला माहीत होतं, ताई. शेजारणीला माहीत होतं. एक पिल्लू तिनं स्वतःसाठी सांगूनही ठेवलं होतं. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलातून फोन करून मीच तिला पाठवलं होतं, तू दारातून परत लावलीस. फक्त तुला सांगितलं नव्हतं. तू दोनच म्हणाली होतीस. तिसरा का नको ते तू मला पटवून दिलं असतंस, आणि मला पटलंही असतं."

एवढे बोलून ती मान खाली घालून थांबली — तिचे कुठे चुकले, ते मी आता सांगेन म्हणून.