घागरीपाशी सांगितलेला निकाल

बाबा,

यंदाच्या आखजीलाही, अक्षय्य तृतीयेला पितरांना जेवू घालतात तेव्हा, मी तुमच्या नावाच्या घागरीपाशी वाकले आणि हळूच सांगितलं, हरले तुमचे. भाऊ पाटावर बसून पाणी सोडत होता, त्याची बायको पानात कुरडई मोडून ठेवत होती, आणि घागरीवरचं खरबूज सारखं कलंडतं म्हणून आईची चिडचिड चालली होती. तिनं मला ओठ हलवताना पाहिलं. "काय पुटपुटून राहिली वं?" म्हटलं, बाबाले नमस्कार सांगून राहिली. आई खूश झाली. ती दरवर्षी खूश होते. लेक अमरावतीहून सकाळच्या गाडीनं अकोल्याला येते, बापाच्या घागरीपाशी वाकते, दोन शब्द बोलते, एवढंच तिला दिसतं. बापाला जेवायला बसवून त्याच्या तोंडचा घास कडू करायला मी इतक्या लांबून येते, हे तिला कशाला सांगू?

पहिल्यांदा ते तोंडून निसटलं होतं. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच वर्षी तुमचा तो स्पेनचा फुटबॉल क्लब पहिल्या डिव्हिजनमधून खाली घसरला. तिकडची लीग उन्हाळ्यात संपत येते आणि आपली आखजीही तेव्हाच असते, हा योग काही मी जुळवून आणलेला नाही. सायबर कॅफेत दुसरंच काही शोधायला बसले होते, तिथं ती बातमी दिसली. मग घागरीसमोर वाकले तेव्हा सगळे म्हणतात तसं 'सुखी राहा, आमच्यावर लक्ष ठेवा' म्हणायला गेले, आणि म्हणाले, खाली गेले तुमचे. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. रसाची वाटी मी त्या दिवशी दोनदा भरून घेतली.

तुम्हाला आठवतं की नाही कोण जाणे, पण अकोल्याच्या घरात ओल न लागलेली भिंत एकच होती, स्वयंपाकघरातली. म्हणून खेळाच्या मासिकाच्या मधल्या पानावरचा तो फोटो तुम्ही तिथं डकवलात. विटकरी जर्सी घातलेली माणसं, मागची रांग उभी, पुढची बसलेली. वीज ऑफिसातून आलात की पायजमा चढवून, हातात पट्टी घेऊन तुम्ही भावाला त्या भिंतीसमोर उभं करत होतात. हा गोलकीपर, हा डावा बॅक, हा कॅप्टन, याचा बापही याच क्लबात होता. मासे डब्यात भरायच्या कारखान्यातल्या कामगारांनी क्लब काढला, मैदान नदीच्या तोंडाशी, एका वर्षी पुरानं ते वाहून गेलं तर पूर्ण मोसम शेजारच्या गावात खेळले आणि गाव त्यांच्यामागं पायी जायचं. लीग एकदाच जिंकली, तीही तुमच्या जन्माआधी. "शेठ लोकायचा क्लब नाही हा, कष्ट करनाऱ्यायचा हाय," असं तुम्ही पट्टी उंचावून सांगायचात. तुमच्या पट्टीखाली, ओट्याशी, मी पोळ्या लाटत असायचे. कुकरची शिट्टी झाली की तुम्ही थांबायचात, ती संपली की पुन्हा सुरू. मला कोणी शिकवलं नाही, पण कोणी कानही झाकले नाहीत. पुढच्या रांगेतल्या एकाच्या गालावर फोडणीतली हळद उडाली होती, ती माझ्याच हातून. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात.

मग तो रविवार. तुमचे ऑफिसातले मित्र आले आहेत, बैठकीत चिवड्याच्या बशा फिरताहेत, आणि तुम्ही भावाला मधोमध उभं करून म्हणता, "सांग रे, पुरी टीम सांग." भाऊ सुरू करतो. गोलकीपर येतो, बॅक येतात, मधली फळी अर्धी येते आणि हळद लागलेल्या त्या माणसापाशी तो अडतो. छताकडं बघतो, तुमच्याकडं बघतो. मी तव्यापाशी आहे. माझ्या तोंडून ते नाव जातं, मग पुढचं, मग पुढचं, शेवटच्या फॉरवर्डपर्यंत, आणि थांबता न आल्यानं बाकावर बसणाऱ्यांचीही. बैठकीतून कोणीतरी टाळी वाजवतं आणि तुम्हाला म्हणतं, "भाऊसाहेब, पोरगी तं एकदम बरोबर सांगून राहिली." तुम्ही दारात येता. तुमचा चेहरा मला आजही समोर दिसतो. तुम्ही म्हणता, "तुले कोनं इचारलं? तवा जळून राहिला, तो पाह्य आंधी." तवा जळत नव्हता, बाबा. पोळी फुगलेली होती.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मी विसरलेही असते. पण मी शाळेत फुटबॉल खेळायचे, आणि पुढच्याच हिवाळ्यात जिल्ह्याच्या मुलींच्या संघात माझं नाव आलं. चांदूर रेल्वेच्या मामानं ऐकलं तसा तो खोकं काखेत मारून पॅसेंजरनं आला. काळे बूट, खाली खिळे, आत पांढरा कागद. मी ते घरात घालून फिरले आणि आईच्या फरशीवर ओरखडे पाडले. मामा परत गेला, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही बूट भावाच्या पायात घातलेत. तो माझ्याहून लहान. त्याच्या पायात ते होडीसारखे हलत होते. मी म्हटलं, बाबा, मले संघासंगं नागपूरले जायचं हाय. तुम्ही वर न बघता म्हणालात, "तुले काय बूट घालून लग्नात उभं राहाचं हाय काय? भावाले सैल होऊन राहिले, म्होरं चिंध्या भरून दे." आणि मी भरून दिल्या, बाबा. माझ्याच जुन्या फ्रॉकच्या. बोळे करून, पंजाकडं नीट दाबून, त्याला टोचू नयेत अशा. संघ नागपूरला गेला, मी पोळ्या लाटल्या. भावानं आठ-पंधरा दिवस ते बूट मिरवले आणि मग क्रिकेटची बॅट मागितली. तुम्ही आणून दिलीत.

आता ऐका, तुमच्या वारसाचं काय झालं ते. मागच्या आखजीला जेवताना मी मुद्दाम विषय काढला, तर भाऊ म्हणाला, "बाबाचं ते कोनतं टीम होतं वं ताई? लाल कपडेवालं?" त्याला क्लबाचं नावही आठवेना. भिंतीवर आता टाइल्स आहेत. तुम्ही पट्टी घेऊन ज्याला शिकवलंत, त्याच्याकडं तुमचं काही राहिलं नाही. मी गालातल्या गालात हसत चिंचवणी प्यायले.

आणि मी? अमरावतीत माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. कोणतीही पोरगी बूट मागायला आली आणि तिच्यासोबतचा बाप 'थोडे मोठेच द्या, मग भावाले होतीन' म्हणाला की मी पायाला बरोबर बसतात तेच काढून देते आणि मोठे नंबर संपले म्हणून सांगते. ते आपले जुने बूट दुकानाच्या वरच्या फळीवर आहेत. अकोल्याच्या घराचा माळा आवरताना सापडले, चिंध्या अजून आत होत्या. तुमचा क्लब दुसऱ्यातून तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला तेव्हाही मी सांगितलं, कॅप्टन पैशासाठी सोडून गेला तेव्हाही, मैदानावर गवत वाळलं आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तेव्हाही. दरवर्षी तुम्हाला वाईट बातमी द्यायची तर वर्षभर बातमी ठेवावी लागते. म्हणून मी ठेवली. कोण जखमी, कोण दुसऱ्या क्लबाकडून उसना आणलाय, कोणता सतरा वर्षांचा पोरगा त्यांच्याच गल्लीतून वर येतोय, सगळं मला पाठ आहे. सूड उगवायचा म्हणून मी हे केलं. दुसरं काही कारण होतं असं कोणी म्हणू नये.

आता ते सांगते, जे घागरीपाशी सांगितलं नाही. आखजीच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, दुकानात मोबाइल गल्ल्याला टेकवून मी त्यांची मॅच बघत होते. एका शाळेतल्या बाई शटलकॉकचा डबा घ्यायला आल्या होत्या आणि मी त्यांना तसंच उभं ठेवलं. त्या सतरा वर्षांच्या पोरानं डोक्यानं गोल मारला आणि मी स्टुलावर चढले. खाली उतरताना फळीला धक्का लागून बॅडमिंटनच्या जाळ्या अंगावर आल्या. बाई घाबरून म्हणाल्या, "काय झालं वं बाई? कोन जिंकलं? इंडिया?" मी म्हटलं, माझी टीम. त्यांना डब्याचे पैसे मी मागितलेच नाहीत.

तिसऱ्यातून दुसऱ्यात ते आधीच चढले होते, त्या गोलानं पुन्हा पहिल्या डिव्हिजनमध्ये आलेत, बाबा. काही मॅचेस बाकी असतानाच. नदीच्या तोंडाशी सगळं गाव उतरलं होतं, म्हातारी माणसं विटकरी मफलर घालून रडत होती. तुम्ही असतात तर तुम्हीही रडला असतात, म्हणूनच तुम्हाला कळता कामा नये. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, चिखलात, कोणी बघत नसताना त्यांना मी बघितलं. तो आनंद माझा आहे, त्यातलं तुम्हाला काही देणार नाही. म्हणून 'हरले' म्हणाले, आणि तुमच्या पानातला घास कावळ्यानं लगेच उचलला तरी मला काही वाटलं नाही.

हे पत्र मी घडी करून त्या बुटात, चिंध्यांच्या मागं कोंबून ठेवते आहे. त्यांना वर आणणारा कोच कोण आहे, ते तर तुम्हाला कधीच सांगणार नाही. पण इथं लिहिते, कारण कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते कळणारही नाही. पुढच्या रांगेतला तो, ज्याच्या नावाशी भाऊ अडला होता, तोच. केस पांढरे झालेत. टीव्हीवर जवळून दाखवला तेव्हा मी त्याच्या गालावर हळद शोधली.