जपानीत मला काय म्हणतात

९ मार्च

जपानीचा पहिला तास. वर्गात सगळ्यात म्हातारा मी. सगळ्यात मठ्ठ कोण, ते अजून ठरायचंय.

वर्ग औषधाच्या दुकानावर भरतो. जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याला आधी आवाज द्यावा लागतो. बाई तिशीच्या, ताठ, हसणं बहुधा वर्ज्य. प्रत्येकाला विचारलं – कशासाठी शिकताय? एकाला नोकरी, एकीला तिकडचं कॉलेज, दोघांना कार्टून कळायला हवंय. माझी पाळी आली. म्हटलं, नात माझ्याशी बोलत नाही.

"भांडण झालंय का?"

"नाही. पाच वर्षांची आहे ती."

बाई पुढच्याकडे वळल्या.

११ मार्च

मुलगी लग्न करून तिकडेच राहिली. जावई तिथलाच. छोटीला मराठी येत नाही. शिकवायला वेळ नाही म्हणतात. असेल.

ही होती तोवर काही अडत नव्हतं. फोनवर ही मराठीत बोलायची, छोटी जपानीत, आणि हसायच्या मात्र एकदम. मी मागे पेपर वाचत बसायचो. मध्येच ही ओरडायची – "अहो! इकडे या, बघा काय करतेय!" मी जायचो, फोनसमोर मान डोलवायचो, परत पेपर.

ही गेली त्याला वर्ष झालं. आता फोनसमोर मीच. छोटी येते, मला बघते, तोंड उघडते, मिटते आणि पळते. "लाजते, बाबा," मुलगी म्हणते. वर्षभर कोण लाजतं?

जूनमध्ये येणार आहेत सगळे. तोवर मला बोलता यायलाच हवं. नाही तर सुट्टीभर ती पळणार आणि मी मान डोलवणार!

१६ मार्च

बाईंचं म्हणणं – सुटे शब्द पाठ करू नका. कुणाला काय सांगायचंय ते आधी ठरवा आणि तेवढं अख्खं वाक्य तोंडात बसवा. कामं करताना मोठ्यानं बोला. चुकलात तरी थांबू नका. आणि देवनागरीत लिहायचं नाही म्हणजे नाही. "देवनागरीत लिहिलंत की कानाला मराठीच ऐकू येईल."

आज कामावर, चष्म्याच्या दुकानात, काचा घासताना मोठ्यानं बोललो. कोरे वा मेगाने देसु. हा चष्मा आहे. दिवसभर. मालक आतून आले.

"काय होतंय तुम्हाला?"

"अभ्यास करतोय."

"गिऱ्हाईक घाबरतंय हो."

म्हटलं, घाबरलं की डोळे मोठे करतं. तपासायला बरं!

२३ मार्च

डोळे तपासायच्या पाटीसारखी एक पाटी केली. वर जपानी अक्षरं मोठी, खाली खाली बारीक. दुपारी दुकान रिकामं असलं की गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून वाचतो. चौथ्या ओळीपासून अडखळलो. मालक म्हणाले, नंबर वाढलाय तुमचा. नजर उत्तम आहे, अक्कल कमी पडतेय, असं मी सांगितलं. त्यांनी ते लगेच मान्य केलं.

३० मार्च

हे तर आपल्यासारखंच निघालं! क्रियापद शेवटी. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेपटीला "का" लावायचं – चक्क आपलाच का. आणि "हो ना"तल्या "ना"च्या जागी "ने". कार्टूनवाले दोघं इंग्रजीतून जुळवायला जातात आणि वाक्याची मोडतोड करतात. बाई म्हणाल्या, मराठीतून सरळ जा, आजोबांसारखं. वर्गात माझा भाव वधारला. जिना उतरताना आज दोघांनी वाट दिली.

६ एप्रिल

भाव उतरला.

आज मराठीसारखे ऐकू येणारे शब्द. "कसा" म्हणजे छत्री. "आई" म्हणजे प्रेम – हा एक बरा निघाला. "बाबा" म्हणजे थेरडी. म्हणजे मुलगी मला भर बाजारात काय हाक मारते ते कळलं. आणि "अहो" म्हणजे मूर्ख! वर्ग खो खो हसला. बाईसुद्धा हसल्या, पहिल्यांदाच.

म्हणजे ही मला लग्नापासून मूर्ख म्हणत होती. चारचौघांत. आदरानं. फार चुकत होती असंही नाही.

घरी येऊन कुकर लावला आणि उगाच मोठ्यानं म्हणून बघितलं – अहो. बाहेर लोक म्हणतात, अहो काका, अहो चष्मेवाले. नुसतं अहो फक्त तीच म्हणायची. आम्ही एकमेकांना नावानं कधी हाक मारलीच नाही. ती मला अहो, मी तिला अगं. आता या घरात मला काहीच नाव नाही. फार वाईट वाटलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भाताचा लगदा झाला.

१९ एप्रिल

आज फोनवर वाक्य टाकलं. महिनाभर घोटलेलं. मी तुझा आजोबा आहे.

छोटी आईकडे बघायला लागली. मुलगी हसून हसून वाकडी.

"बाबा, तुम्ही तिला सांगितलंत, मी तुझा काका आहे!"

झालं असं, की आयत्या वेळी विसरायला नको म्हणून तळहातावर लिहून ठेवलं होतं. देवनागरीत. घाईत वेलांटी ऱ्हस्व पडली. दीर्घ ई असली तर ओजीइसान, म्हणजे आजोबा; ऱ्हस्व असली तर ओजिसान, म्हणजे काका! शाळेत ऱ्हस्व-दीर्घापायी छड्या खाल्ल्या, तेव्हा वाटायचं, असं काय बिघडतं एका वेलांटीनं? नातं बिघडतं.

छोटीला मात्र गंमत वाटली असावी. पुढे झाली, तोंड उघडलं, "अ" एवढं बाहेर पडलं. मुलीनं तिच्याकडे नुसतं बघितलं. तोंड मिटलं. पळाली.

"अ" म्हणजे काय ते बाईंना विचारायला हवं.

२० एप्रिल

बाई म्हणाल्या, "अ" म्हणजे "अरेच्चा". तळहाताबद्दलही बोलल्या. ते इथे लिहीत नाही.

११ मे

दीर्घ. दीर्घ. दीर्घ.

२ जून

आले! छोटी फोनमध्ये दिसते त्यापेक्षा लहान आहे. बापाच्या पायामागे उभी. मी वाक्यामागून वाक्य सोडत गेलो. भूक लागली का? झोप येते का? चष्मा बघायचा का? प्रत्येकाला एकच उत्तर – "हाय." जपानीत हाय म्हणजे हो. इकडे मीच हाय खाल्ली. जावई मात्र खूष. माझे उच्चार फार जुन्या वळणाचे आहेत म्हणाला. मी ती स्तुती धरली.

५ जून

बोलते आता. दुकानात नेलं, पाटी दाखवली. तिनं शेवटची ओळही वाचली आणि माझी दोन अक्षरं उलटी असल्याचं सांगितलं. मालकांना म्हटलं, हिचा नंबर शून्य.

पण मला हाक मारत नाही. काही हवं असलं की येऊन सदरा ओढते. मी खोलीत नसलो तर दारात उभी राहते, मी बघेपर्यंत. "ओजीइसान" म्हण ना, म्हटलं. मान हलवली. "चिगाउ." म्हणजे – तसं नाही. ओजीइसान तिकडचा आहे, बापाचा बाप. त्यांच्याच इमारतीत राहतो. जागा भरलेली आहे!

मग मी कोण? तिनं स्वयंपाकघराकडे बघितलं, तिथे तिची आई होती. दोन्ही हात तोंडावर ठेवले.

दीड महिना घासलेली दीर्घ ई वाया गेली. मला रडूच आलं. चष्मा पुसत बसलो.

६ जून

मुलीला धरलं. मी हिला काय लागतो, ते सांग.

ती लाल झाली. "बाबा, तिला तुमचं नाव माहीत आहे. आईनंच शिकवलं."

"कधी?"

"फोनवर. आई 'अहो' म्हणून ओरडायची आणि तुम्ही यायचात. ती समजली, तुमचं नाव अहो." मग छोटी बालवाडीत सगळ्यांना सांगत सुटली – माझा अहो चष्मे करतो. तिथल्या बाईंनी मुलीला बोलावून घेतलं. पोर आजोबांना मूर्ख म्हणते, घरी असंच बोलता का? मुलीनं शब्दच बंद केला. "खूप ओरडले मी तिला. त्यानंतर लगेच आई गेली. दुसरं काही शिकवायचं राहूनच गेलं."

म्हणजे पोर लाजत नव्हती. जिभेवर माझं नाव घेऊन वर्षभर गप्प होती.

"बंदी उठव," म्हटलं.

"बाबा, तिकडे शिवी आहे ती."

"इकडे नाही ना?"

मुलगी तोंड धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

७ जून

सकाळी दाढी करत होतो. स्वयंपाकघरातून हाक आली – "अहो!" शेवटचा ओ वर चढवलेला, अगदी हिच्यासारखा. वस्तरा हातात तसाच राहिला. "हाय" म्हणायला हवं होतं, शिकवलंय तसं. तोंडातून निघालं – "ओ! आलो, आलो!"