सत्तावीस बोल्ट आणि महादेवीची ऑर्डर

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५
महादेवीची ऑर्डर आली. शिरूर अनंतपाळ, सरकारी दवाखाना, नर्स. सात वर्षं वाट बघितली बिचारीनं. सतरा तारखेच्या सोमवारी सकाळी दहापर्यंत रुजू व्हायचं, नाहीतर ऑर्डर रद्द. मी लगेच जाहीर केलं, गाडीवर मी सोडणार. ती म्हणाली, लातूरहून एसटी जाते की. जाऊ दे ना एसटी. नवरा घरात असताना बायको पहिल्या दिवशी दांडीला लटकत जाणार? आपल्याला न्हाई चालत.
गाडी तेरा वर्षांची. तब्येत ठणठणीत. थोडा आवाज करते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आवाजाचा तपास केला. चार ठिकाणी खुळखुळ. पेट्रोलच्या पाईपाला चिरा. कोपऱ्यावरचा मेकॅनिक आनंदराज म्हणाला, साहेब, दोन तास गाडी सोडा, बोल्ट आवळून पाईप बदलून देतो. दोन तास! मी व्हिडिओ बघितला, अकरा मिनिटांचा आहे. स्वतः करणार. एकूण बोल्ट सत्तावीस. रोज नऊ. गुरुवारी संपलं. शुक्रवारी पाईप, मग निवांत.
दुपारी ऑफिसात बोल्टांची यादी टाईप करून घेतली. फाईल उघडली. अर्धं काम झालं.

बुधवार, १२ नोव्हेंबर
व्हिडिओवाला म्हणतो, आवळलेल्या बोल्टवर रंगाची रेघ मारा, अर्धी बोल्टवर, अर्धी गाडीवर. बोल्ट ढिला झाला की रेघ सरकते, लगेच कळतं. घरात रंग नव्हता. महादेवीचं नेलपॉलिश घेतलं. पाना सापडेना, म्हणून रेघा आधी मारून घेतल्या. सत्तावीसच्या सत्तावीस. आमच्या ऑफिसात असंच चालतं. आधी तपासणीचा अहवाल, मग सवडीनं तपासणी. वीस वर्षांत कधी अडलं नाही.
महादेवी म्हणाली, लई छान दिसतंय, पण आवळले का? तिला प्रोसिजर कळत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
पाना मिळाला. चार बोल्ट आवळले, तेवढ्यात साहेबांचा फोन. परत येऊन बघतो तर कुठले चार ते कळेना. रेघा सगळ्यांवर. बोटानं हलवून बघितले. सगळे घट्टच वाटले. हे व्हिडिओवाले उगं माणसाला भेडसावतात.
खात्री म्हणून एक जरा जास्त आवळला. तुटला. मुळातच कमजोर होता. वेळेवर उघडकीला आला हे बरं. राहिले सव्वीस.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
रजा टाकली. पाईप आणायला आनंदराजकडं जायचं म्हणजे त्याच्यासमोर मान खाली. त्यापेक्षा कूलरच्या पंपाचा पाईप कापला. मस्त बसला. पारदर्शक आहे, पेट्रोल पळताना दिसतं. कंपनीला हे सुचलं नाही याचं नवल वाटतं. क्लिप नव्हती, सुतळी बांधली.
महादेवी सकाळपासून औशाला, माहेरी. संध्याकाळी आली ती दमलेली, पण लई खुशीत. पाईप दाखवला. हाव, चांगलाय, म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. एवढ्या साध्या कामाचं एवढं कौतुक.

रविवार, १६ नोव्हेंबर
काल झोप काढली. आज ट्रायल, रेणापूरपर्यंत. जाताना सव्वीस रेघा, येताना तेवीस. तीन बोल्ट रेघेसकट गेले. उरलेल्यांच्या रेघा साधारण जागेवर. अठ्ठ्याऐंशी टक्के. आमच्याकडं एवढ्यावर ‘उत्कृष्ट’ शेरा मिळतो.
पाईप कडक झालाय. पेट्रोलचा वास येतो. नवा आहे, येणारच.
महादेवीनं परत एसटीचं काढलं. मी जेवलो नाही. मग ती म्हणाली, बरं बाबा, गाडीवर जाऊ.

सोमवार, १७ नोव्हेंबर. दुपार
साडेसातला निघालो. पंधरा किलोमीटरवर चेनचं कव्हर लोंबायला लागलं. काढून महादेवीच्या मांडीवर दिलं. थोडं पुढं तिच्या पायाखालचं फूटरेस्ट गेलं. ती पाय वर धरून बसली. मग सुतळी सुटली. पाईप निसटला, सगळं पेट्रोल रस्त्यावर. गाडी बंद.
दोन्हीकडं तूर. सव्वानऊ वाजले. एक वाहन थांबेना. मला रडू आलं. रस्त्यात, तिच्यासमोर. म्हणालो, माझ्यामुळं तुझी नोकरी गेली.
तिनं कव्हर बाजूला ठेवलं आणि म्हणाली, गप व्हा, मी शुक्रवारीच रुजू झाले. औशाला गेलेच नव्हते. एसटीनं शिरूरला गेले, सही केली, आले. ड्युटी आजपासून. उशीर झाला तर बोलणी बसतील, बाकी काही न्हाई.
मी विचारलं, मग सांगितलं का नाही. म्हणाली, तुम्ही एवढं जीव लावून करून राहिलात, मन मोडवेना. पण सात वर्षांची गोष्ट त्या सुतळीवर सोडवेना.
एक टेम्पो थांबला. ती ड्रायव्हरशेजारी बसून गेली. मी गाडी ढकलत निघालो. राग नाही आला. लाज वाटली, लई. आणि बरंही वाटलं. तिनं माझं ऐकलं असतं तर?
आनंदराजला फोन केला. त्यानं फक्त पत्ता विचारला. शहाणा माणूस आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
आनंदराजनं गाडी दोन तासांत करून दिली. आवाज नाही, वास नाही. मार्गदर्शन माझ्या यादीचं होतं.
महादेवीला म्हटलं, उद्यापासून रोज सोडतो. म्हणाली, एसटीचा पास काढलाय. तीन महिन्यांचा.
बरं, बसस्टँडपर्यंत तरी सोडतो, म्हटलं. म्हणाली, चालत येणार असाल तर या.
उद्या सहाला चप्पल घालून तयार राहायचं.