वाळवलेली माती

५ जून १९९५, कोसाड, सुरत

दादाचं आपलं तेच, केळी पिवळी पडली म्हणजे खत कमी पडलं. मुळांवरच्या गाठी दाखवल्या तर म्हणे, "तू तुझे कापडाचे लूम चालव, शेती नको शिकवू." म्हणून वावरातली माती इकडे आणली. एसटीत पिशवी गळू नये म्हणून आधी उन्हात वाळवली. मीच वाळवली! आज शेतकी कॉलेजात, मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींच्या जाती ओळखणाऱ्या बाई हसल्या, "भाई, आ माटी छे के पापड?" वाळल्यावर कृमी मरतात, मग जात कशी ओळखणार? अन् जात कळल्याशिवाय पुढं काय लावावं, तेही सांगता येत नाही. दादा तर पुढच्या आठवड्यात तिथंच पुन्हा केळी लावतोय. थांबेल का माझ्यासाठी? कशाला वाळवली मी? दादाला चिठ्ठीत लिहिलं, लावायच्या आधी ओली माती घेऊन तूच ये. भाड्याला पाठवतोय रुपये एकशे वीस.