बालोद्यानात हातभर माती मोकळी ठेवणेबाबत

दि. १८ जून २००७

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
भेंडीबाग बालोद्यान विश्वस्त मंडळ,
आचोळे, नालासोपारा (पूर्व), जि. ठाणे

विषय : उद्यानातील भेंडीच्या झाडाखालचे काही पेव्हर ब्लॉक काढून माती मोकळी करून मिळणेबाबत.

संदर्भ : कै. द्वारका गंगाराम चुरी यांच्या नावे आलेले आपले पत्र.

महोदय,

१. माझ्या आईने मंडळासमोर स्वतः येऊन तोंडी खुलासा करावा, असे आपल्या पत्रात म्हटले आहे. आई जन्मापासून बधिर होती, बोलत नव्हती. पत्र येण्याआधी, फाल्गुनात, ती वारली. म्हणून खुलासा मी करीत आहे.

२. आई वसईच्या वाडीतली. शाळेत गेली नाही. तिच्या खुणा वाडीच्या कामातून आल्या होत्या. हाताच्या कडेने मातीत पाट ओढला की पाणी, त्या पाटात मूठ दाबली की पुरे, माती थोपटली की आणखी. मलाही बोलण्याआधी याच खुणा आल्या. संध्याकाळी ती भेंडीखाली बसे आणि रांगती मुले आपणहून तिच्याकडे जात. खेळता खेळता शिकत. तहान लागली की रडण्याऐवजी पाट ओढत. तो वर्ग नव्हता, त्यामुळे आपण मागितलेले शिक्षिकेचे प्रमाणपत्र जोडता येत नाही.

३. "हातानं भागलं तर पोर तोंड कशाला उघडेल? मुकीच्या नादानं मुकंच राहायचं," अशी काही पालकांची तक्रार होती. त्याच मुलांतला वेदांत आता इतका बोलतो की त्याची आई त्याच्यापुढे हात जोडते. तरीही मनाई झाली. पहारेकरी शत्रुघ्न मला म्हणाले, "दीदी, माँजी को आप ही समझाओ, मुझसे नहीं होगा." आमच्याकडे मनाईला खूण नव्हती. मी आईच्या तळहातावर पाट ओढला, त्यावर मूठ ठेवली आणि ती उचलली नाही. तिला कळले.

४. आमच्या शेजारच्या पिंकी यांची दीड वर्षाची रिद्धी बधिर आहे. आईने शिकवले तेवढेच तिचे बोलणे. या खुणा कोणत्याही शाळेत नाहीत. त्या समजणारी मोठी व्यक्ती आता मी एकटी.

५. 'सदर उपक्रम घरी करावा' या सूचनेप्रमाणे घमेल्यात माती भरून पाहिली. रिद्धी खुणा करते, मीही करते. पण त्या खुणा येणारी इतर मुले बागेतच भेटतात. मे महिन्यात ब्लॉक बसल्यापासून त्यांचे हात बंद झाले. त्यांना बोलणे आले आहे, त्यामुळे ती विसरत आहेत. परवा रिद्धीने वेदांतसमोर ब्लॉकवर पाट ओढला. त्याला खेळ वाटला. तो हसला आणि घसरगुंडीकडे पळाला. ती हात तसाच ठेवून बसून राहिली.

६. आधी मी ब्लॉकखाली गेलेला वाळूचा पूर्ण हौद परत मागणार होते. आता झाडाच्या बुंध्याशी हातभर जागा मागते. ब्लॉक मी स्वतः उचलीन, रचून ठेवीन. मुलांना कोणी शिकवणार नाही, मीही लांब बसेन.

मंडळाची सभा दिवाळीनंतर आहे, असे कार्यालयात कळले. तोपर्यंत या मुलांपैकी कोणाला काही आठवेल असे मला वाटत नाही. तरी अर्ज दाखल करून घ्यावा आणि यापुढील पत्रे आईच्या नावे पाठवू नयेत, एवढी विनंती.

आपली नम्र,
विनया गंगाराम चुरी

सोबत : १) आईच्या मृत्यूचा दाखला. २) रिद्धीच्या श्रवण तपासणीचा अहवाल, तिच्या आईच्या संमतीने.